पाळलेली अट

मी कॉलेजात शिकायला गेलो नव्हतो. मला पदवी हवी होती, आणि तीही रुबाबासाठी. सत्तरच्या दशकाची अखेर होती. वाशीत नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि मी त्यांना विटा आणि रेती पुरवत होतो. साइटवरचे इंजिनियर माझ्याच वयाचे. ते मला "ए रेतीवाला" म्हणून हाक मारायचे आणि मी त्यांना साहेब म्हणायचो. भाव ठरवताना मी त्यांना रडवायचो, ती गोष्ट वेगळी. पण ती हाक ऐकली की माझं डोकं फिरायचं.

आमचं घर करावे गावात. वडिलांनी आयुष्य मिठागरात काढलं. पुढे मिठागरं आणि शेतं नव्या शहरासाठी गेली. मी मॅट्रिक झाल्यावर मुंबईच्या घाऊक फळबाजारात एका दलालाकडे पेट्या उचलायला लागलो, तिथेच सौदा शिकलो आणि स्वतःचा धंदा करायला परत आलो. घरात कॉलेजचं नाव काढलं तेव्हा वडील जेवता जेवता थांबले.

"कालेजान जाऊन तू काय करनार हाय? वीट काय इंग्लिश बोलते?"

आई म्हणाली, "जाऊ द्या त्याला. निदान सकालचा तरी गावान भांडनार नाय."

कॉलेज नवीन होतं. त्याला स्वतःची इमारत नव्हती. एका प्राथमिक शाळेच्या खोल्यांत सकाळी वर्ग भरायचे. बाकं लहान पोरांची, बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. बाकीची मुलं दादर-परळहून नव्या फ्लॅटांत राहायला आलेल्या नोकरदारांची. मी पंचविशीचा, मिशीवाला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काका करून टाकलं.

अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला मी उशिरा पोचलो. सर देशावरचे होते, तिशीचे, अंगाने बारीक. खडूचा हात शर्टालाच पुसायची सवय, त्यामुळे पोटावर कायम पांढरा पट्टा.

"या, बसा. उशीर कशाने?"

"गाडी खाली करत होतो."

"कसली?"

"विटांची."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आज काय भावाने गेली वीट?"

मी सवयीने भाव चढवून सांगितला.

"मागच्या महिन्यात एवढा होता?"

"नाही. पावसाच्या आधी वाढतोच. भट्ट्या बंद होतात."

"पण त्या बंद होणार हे दर वर्षी सगळ्यांना माहीत असतं. मग लोक आधीच घेऊन का ठेवत नाहीत?"

मला वाटलं, हा माणूस चारचौघांत माझी मजा करतोय. माझा आवाज चढला. "सर, तो माझा धंदा आहे. इथे कशाला काढता?"

सर दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "मला खरंच माहीत नाही हो. पुस्तकात एका ओळीत उत्तर दिलंय, ते मला पटत नाही. तुम्ही रोज तिथे उभे असता. विचार करून उद्या सांगा."

शिकलेला माणूस आपल्याला अमुक एक गोष्ट माहीत नाही असं म्हणतो, हे मी तोवर ऐकलेलं नव्हतं. ज्याच्याकडे काही विकायचं आहे तो असं कधीच बोलत नाही. दिवसभर रेती मोजून घेताना माझ्या डोक्यात तोच प्रश्न फिरत होता. दुसऱ्या दिवशी मी उभा राहून सांगितलं की ज्याच्याकडे पैसा असतो त्याच्याकडे विटा ठेवायला जागा नसते, ज्याच्याकडे जागा असते त्याच्याकडे पैसा नसतो, आणि दोन्ही असलेला माणूस लोकांची अडचण होण्याची वाट बघत बसतो.

"तो दोन्हीवाला कोण?" मागून एका मुलाने विचारलं.

"मीच," मी म्हटलं. या वेळी सर सगळ्यांत मोठ्याने हसले. मग फळ्याकडे वळून तो तास संपेपर्यंत त्यांनी माझ्या त्या उत्तरातून जे काढलं, ते पाहून मला वाटलं की मी इतकी वर्षं अंधारात हात घालून माल चाचपत होतो आणि आता कोणीतरी दिवा लावलाय.

ते वर्ष असंच गेलं. सर वर्गात यायचे ते घाईने, जणू बाहेर काहीतरी घडलंय आणि ते आम्हाला सांगायचं राहिलंय. कधी उरणहून आलेल्या मुलीला विचारायचे, तुमच्याकडे मासळी गावात स्वस्त की बाजारात, आणि का. कधी स्वतःच्या बायकोने भाजीवाल्याशी घातलेला वाद दोन्ही आवाजांत करून दाखवायचे. पण तो विनोद नसायचा. त्या वादातून ते हळूच अशा ठिकाणी घेऊन जायचे की बाकावर बसलेला माणूस पुढे सरकायचा. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच यायची नाही. इतिहासाचे प्राध्यापक दारात छत्री टेकून उभे राहायचे आणि खोकायचे.

एकदा मी त्यांना रुमालाखालचा सौदा दाखवला. आमच्या फळबाजारात आंब्याचा भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकत आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नसे. सरांनी स्वतःचा रुमाल काढला, माझा हात धरला आणि खोट्या आंब्याच्या पेटीसाठी माझ्याशी भाव करू लागले. मी त्यांना दोन वेळा फसवलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझं बोट असं दाबलं की मी ओरडलो.

"शेठ, ही बोली नव्हती का?"

"सर, हा हात मोडायचा भाव झाला."

वर्ग हसून लोळला. मग सर म्हणाले, "पुस्तक म्हणतं, भाव सगळ्यांना माहीत असतो. इथे तो फक्त दोन हातांना माहीत आहे. मग बाजार कोणता खरा?" त्यानंतर वर्गात जी चर्चा पेटली तीत मी पहिल्यांदा माझ्याहून लहान पोरांशी न भांडता वाद घातला.

मी पुढे जो धंदा उभा केला तो त्या एका वर्षावर. ऐंशीनंतर मुंबईतला लोखंडाचा बाजार कळंबोलीला नेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा जुने व्यापारी म्हणायचे, त्या चिखलात कोण मरायला येणार. मी भाव विचारला नाही. मी विचारलं, माल कुठून येणार, कुठे जाणार, आणि वाटेत कोण अडकणार. असं विचारायला मला एकाच माणसाने शिकवलं होतं. मी तिथे लवकर जागा घेतली. हे मी मिरवायला लिहीत नाही. एका माणसाच्या शिकवण्याची किंमत काय असते ते सांगायला दुसरा पुरावा माझ्याजवळ नाही.

आता जे झालं ते सांगतो.

सरांची नेमणूक तात्पुरती होती. एप्रिलमध्ये कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, अशी तेव्हा पद्धत. वर्ष संपत आलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी संस्थेकडे अर्ज केला. सर नोट्स देत नाहीत, अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, परीक्षेत काय लिहायचं ते कळत नाही. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याकडे अर्ज आणलाच नाही. मला हे सरांकडूनच कळलं, बसस्टॉपवर.

"जूनमध्ये बहुतेक मी नसेन," ते म्हणाले. जणू बस येणार नाही असं सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आग पाखडली. "त्या माणसाने तुमच्यासाठी घसा फोडला. आणि तुम्ही त्याच्या पोटावर पाय देता?"

अर्ज लिहिणारा मुलगा हुशार होता. तो घाबरला नाही. "काका, तुमचं काय जातंय? तुम्हाला धंदा आहे. आम्हाला बँकेत लागायचंय. तिथे टक्के विचारतात, मजा आली का ते नाही विचारत."

"मजा?"

"मग काय? मलाही सर आवडतात. पण पेपरात मी काय लिहू, रुमालाखाली बोट दाबलं?"

लोक हसले. मी त्याची कॉलर धरली होती, ती सोडली. तो खोटं बोलत नव्हता म्हणून जास्त राग आला.

मग मला जे येतं ते मी केलं. संस्थेचे चेअरमन कॉलेजची स्वतःची इमारत बांधत होते. पावसाळा तोंडावर आला होता, विटांची टंचाई होती, आणि त्यांची जोत्यावर आलेली भिंत तशीच उभी होती. मी त्यांच्या घरी गेलो. चहा आला. मी कपाला हात लावला नाही.

"तुमच्या विटा आठ दिवसांत पोचतील," मी म्हटलं. "भाव मागच्या महिन्याचा."

ते हुशार होते. "आणि तुम्हाला काय हवं?"

"अर्थशास्त्राचे सर. जूनमध्ये परत घ्या. आणि तात्पुरते नाही, कायम."

"मुलांचा अर्ज आहे."

"मुलांना विटा पाडता येत नाहीत."

ते हसले. बराच वेळ रेटारेटी झाली. मी दोनदा उठलो, त्यांनी दोनदा बसवलं. शेवटी ते म्हणाले, "कायम करतो. पण एक अट. नोट्स द्यायच्या. परीक्षेपुरतं, पुस्तकातलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वर्गात बाजार भरवायचा नाही. पालकांना तोंड दाखवावं लागतं मला."

मी हो म्हटलं.

का म्हटलं ते समजून घ्या. आमच्या बाजारात सौदा तुटायला आला की समोरचा शेवटी एखादी अट टाकतो. माल उन्हात ठेवायचा नाही, अमक्याला विकायचा नाही, असली. ती पाळायची नसते. ती म्हणायची असते. त्याचा मान राहावा म्हणून आपण मान डोलवायची, माल ताब्यात घ्यायचा आणि पुढे आपल्या मर्जीने वागायचं. समोरच्यालाही ते माहीत असतं. सर एकदा कायम झाले की त्यांना वर्गात काय बोलायचं ते विचारणार कोण? चेअरमन काही दाराला कान लावून बसणार नव्हते. माझा हिशेब पक्का होता. आजही मला त्यात खोट दिसत नाही.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. एका खोलीचं भाड्याचं बिऱ्हाड. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले.

"मला विचारायचं होतंत," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो."

तेवढ्यात पडद्याआडून त्यांची पत्नी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. कडेवर लहान मुलगी. "भाऊ, तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली. "दर एप्रिलला पुन्हा तेच हो. भाडं, हिचं दूध. यांना ते बोलून दाखवता येत नाही." सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेअरमनना भेटून होकार दिला.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. सर घंटेवर आत आले, टेबलामागे बसले, वही उघडली आणि सांगू लागले. "मागणीची व्याख्या. लिहून घ्या. विशिष्ट किमतीला, स्वल्पविराम, विशिष्ट काळात, स्वल्पविराम." सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी लिहिलं नाही. मला वाटलं, पहिला आठवडा आहे, दाखवायला करतायत. दुसरा आठवडा गेला. शर्टावरचा खडूचा पट्टा दिसेना, कारण ते फळ्याकडे जातच नव्हते.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, आता तुम्ही कायम आहात. कोणी काही करू शकत नाही. करा ना सुरू."

"मी अट मान्य केली आहे."

"अहो, ती पाळायची नसते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लहान झाल्यासारखं वाटलं. "तुमच्याकडे नसेल. मी त्यांना हो म्हणालो."

"मग ते हो म्हणालात कशाला?"

"तुम्ही आधीच म्हणून आला होतात."

पुढे काही दिवसांनी मी भर तासात उभा राहिलो. ते खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, असं काही सांगत होते. मी म्हटलं, "सर, का ते सांगा. हे असं का होतं?"

मागचे चेहरे वर आले. मला दिसलं की सरांचा हात खडूकडे गेला. मग तो परत आला.

"ते परीक्षेला नाही," ते म्हणाले. "बसा. पुढचं वाक्य."

मी बसलो नाही. वही तिथेच ठेवली आणि बाहेर पडलो. त्यानंतर मी त्या कॉलेजात शिकायला गेलो नाही. पदवी राहिलीच. "रेतीवाला" म्हणून हाक मारणारे पुढे मला शेठ म्हणू लागले, पण तोवर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मला लोक विचारतात, एवढं काय त्यात, एक मास्तर नोट्स द्यायला लागला. अर्ज करणारा तो मुलगा बँकेत लागला, माझ्याच खात्याचं काम बघतो, नीट बघतो. त्याचं काही अडलं नाही. माझं अडलं. मी ज्या माणसाला राखलं होतं तो माणूस रोज सकाळी त्या खोलीत येत होता, आणि मला हवा होता तो येत नव्हता. मेला असता तर रडून मोकळा झालो असतो. माझा राग चेअरमनवर होता, त्या मुलांवर होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त सरांवर होता. तुमच्याकडची सगळ्यांत मोलाची वस्तू तुम्ही एका शब्दासाठी टाकून दिलीत, असं मला त्यांना ओरडून सांगायचं होतं. कळंबोलीत ट्रकवाल्यांशी भांडताना मला मध्येच ते आठवायचं आणि मी उगाच कोणाला तरी जास्त बोलून जायचो.

ऐंशीचं दशक संपता संपता त्याच चेअरमनचं निमंत्रण आलं. कॉलेजला वरचा मजला चढवायचा होता, लोखंड लागणार होतं, आणि त्यांना मी संस्थेच्या मंडळावर हवा होतो. मी गेलो, पण त्यांच्या ऑफिसात नाही. आधी जिना चढून वर गेलो. व्हरांड्यात आवाज ऐकू आला. "पूर्णविराम. नवीन परिच्छेद." मी खांबाला टेकून उभा राहिलो. सरांचे केस पुढून विरळ झाले होते. मुलांपैकी कोणी वर बघत नव्हतं. माझ्या विटांची ती भिंत होती.

तास संपल्यावर ते बाहेर आले, मला ओळखलं आणि हसले. "शेठ. बरे आहात ना?"

मी तिथेच उभ्या उभ्या बोलून टाकलं. "सर, मी मंडळावर येतोय. लोखंड माझं, आणि एकच मागणी. पहिल्या बैठकीत तुमच्यावरची अट रद्द. लेखी. मग तुम्हाला हवं तसं शिकवा. या वेळी तुम्हाला विचारून करतोय."

"अट?" ते म्हणाले. "ती कधीच गेली. चेअरमनना आठवतसुद्धा नसेल. मागे त्यांनी स्वतःच म्हटलं, सर, जरा मुलांना इंटरेस्ट येईल असं काहीतरी करा."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी केलं होतं. एक दिवस वही मिटली आणि कांद्याच्या भावाबद्दल विचारलं. दोन-तीन जण बोलले. मग एक मुलगा म्हणाला, सर, हे लिहून घ्यायचं का. मी नाही म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं, सगळ्यांनी ठेवलं, आणि माझ्याकडे बघत बसले. शेठ, मला पुढे काय बोलायचं ते सुचेना. इतके जण बघतायत आणि आत काही हलतच नाही. मी वही उघडली."

"पुन्हा करून बघा. येईल."

"तुम्हाला वाईट वाटेल," ते म्हणाले, "पण मी ते कसं करायचो ते आता मला आठवत नाही. तुम्हीच कधी सांगा, मी काय करायचो?"

मी सांगायला तोंड उघडलं. विटांचं सांगावं, भाजीवाल्याचं सांगावं, रुमालाचं सांगावं. पण ते कान देऊन, सौजन्याने, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट ऐकण्याच्या तयारीने उभे होते. मला सांगता आलं नाही. माझ्याकडे द्यायला पुष्कळ होतं त्या दिवशी. त्यांना त्यातलं काही नको होतं.

घंटा झाली. ते म्हणाले, "येतो हं, तास आहे," आणि शेजारच्या वर्गात गेले.

मी चेअरमनना न भेटता खाली उतरलो आणि गाडीत बसलो. आठवडा उलटायच्या आत त्यांचा माणूस कळंबोलीला माझ्या पेढीवर आला. म्हणाला, साहेबांचा निरोप आहे, नुसतं सभासद नाही, उपाध्यक्ष करतो. मी भाव वाढवण्यासाठी अडून बसलोय असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं, इतकी वर्षं ते मला तसंच ओळखत होते. मी त्या माणसाला चहा पाजला, नाही म्हणून सांगितलं, आणि तो आणखी काही बोलायला लागला तेव्हा उठून गोदामात निघून गेलो.